वाहत्या पाण्याचे माप

अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीवर कुरनूरचे धरण आहे. धरणात साठलेले पाणी मोजणे सोपे. पातळीची पट्टी वाचावी आणि कोष्टक पाहावे. पाणी बाहेर पडून वाहू लागले की मात्र प्रश्न बिकट होतो. कोणत्याही कालव्यावर भांडण होते ते याच वाहत्या पाण्यावरून. चारीच्या तोंडाशी किती घेतले, शेवटच्या रानात किती पोचले?

१७३२ साली फ्रान्समध्ये आंरी पितो यांनी काटकोनात वाकवलेली काचेची नळी सेन नदीत बुडवली, तोंड प्रवाहाकडे करून. पाणी नळीत चढले. ही चढण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर पाणी सुमारे ५ सेंटिमीटर चढते. वेग निम्मा झाला की जेमतेम सव्वा सेंटिमीटर. (ओढ्याच्या उथळ धारेत हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून जरूर करवून घ्यावा, असे आम्ही सुचवू.) संथ कालव्यात एवढीशी चढण वाचायची कशी? शिवाय वेग कळतो तो एकाच जागेचा.

१८८७ साली अमेरिकेत क्लेमेन्स हर्शेल यांनी नळाचा मधला भाग अरुंद केला. तेथे वेग वाढतो, दाब घटतो. दाबातल्या फरकावरून प्रवाह काढता येतो. या मापकाला त्यांनी इटलीच्या व्हेन्चुरी यांचे नाव दिले. पण तो बंद नळापुरता.

उघड्या कालव्यासाठी मोलाचे काम आपल्याकडे झाले. मुंबई इलाख्याने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी खास कक्ष काढला. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था ती हीच. १९२० नंतरच्या दशकात सी. सी. इंग्लिस यांनी पुण्यात ‘स्टँडिंग वेव्ह फ्लूम’वर काम केले. कालवा एका ठिकाणी अरुंद करायचा, तळाला उंचवटा द्यायचा. पाणी तेथून वेगाने उतरते आणि पुढे एक उभी लाट एका जागी ठरून राहते. लाटेपलीकडची पातळी फार वाढली नाही, तर तिचा परिणाम अलीकडे पोचत नाही. म्हणून अलीकडची एकच उंची वाचली की पुरते. फिरणारा एकही भाग नाही, गाळ साचण्याची भीतीही कमी.

महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची तरतूद केली, तेव्हापासून पाटकऱ्याइतकीच शेतकऱ्यालाही ही पट्टी वाचता येणे गरजेचे झाले आहे. येथे प्रवाह उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो. पट्टीवर ४० सेंटिमीटरचे २० झाले, म्हणून अर्धे पाणी मिळाले असे समजणाऱ्या गावाला प्रत्यक्षात सुमारे ३५ टक्केच मिळालेले असते.