बुद्धिपुरस्सर रचनावाद व क्रमविकास

सजीवांची गुंतागुंतीची शरीररचना केवळ नैसर्गिक कारणांनी घडणे शक्य नसून ती कोणा बुद्धिमान कर्त्याने हेतुपूर्वक योजिलेली असली पाहिजे, असे प्रतिपादन करणाऱ्या मतास बुद्धिपुरस्सर रचनावाद म्हणतात. ‘इंटेलिजंट डिझाइन’ या नावाने हे मत विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुढे आले. परंतु त्यामागील युक्तिवाद फार जुना आहे. याउलट, क्रमविकासाच्या (उत्क्रांतीच्या) सिद्धांतानुसार आजचे सर्व सजीव समान पूर्वजांपासून प्रदीर्घ काळात उद्‍भवले असून आनुवंशिक भेद आणि नैसर्गिक निवड ही त्या प्रक्रियेची प्रमुख कारणे होत. ईश्वर आहे की नाही, हा या दोन मतांमधील खरा वादविषय नाही. रचनावादाला विज्ञान म्हणता येईल काय आणि विज्ञान म्हणून तो शाळेत शिकवावा काय, हा तो प्रश्न होय. [→ क्रमविकास].

प्राचीन भारतीय विचार : रचनेवरून रचनाकाराचे अनुमान करण्याची पद्धत भारतीय दर्शनांना सुपरिचित होती. घट हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार हा कर्ता असतो. त्याचप्रमाणे पृथ्वी आदी पदार्थही कार्ये असल्याने त्यांना कर्ता असला पाहिजे, असे अनुमान नैयायिकांनी मांडले. उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलि या ग्रंथात त्याचे पूर्ण विकसित रूप आढळते. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात सांख्यमताचे खंडन करताना शंकराचार्यांनीही घरे, प्रासाद, शय्या, आसने इ. वस्तू शहाण्या कारागिरावाचून होत नाहीत, मग अचेतन प्रकृतीकडून विश्वाची रचना कशी व्हावी, असा प्रश्न उपस्थित केला आहे. सांख्यांची भूमिका याहून वेगळी होती. वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध जसे आपोआप स्रवते, तशी प्रकृतीही चेतन योजकावाचून प्रवृत्त होते, असे ते म्हणत.

या अनुमानातील दुबळा दुवा बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी प्रमाणवार्त्तिकात नेमका दाखवून दिला. घट कुंभार करतो हे आपण प्रत्यक्ष पाहिलेले असते, म्हणून घटावरून कुंभाराचे अनुमान योग्य ठरते. परंतु केवळ ‘मातीचा विकार’ एवढ्या साम्यावर भिस्त ठेवली, तर वारूळही कुंभारानेच केले असे मानावे लागेल. साम्य पुरेसे नाही. कार्य आणि कारण यांचा संबंध स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे, असा या आक्षेपाचा आशय आहे. पुढे यूरोपात डेव्हिड ह्यूम यांनी मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात (१७७९) जवळजवळ हाच आक्षेप घेतला.

पेली ते डार्विन : इंग्लंडमध्ये विल्यम पेली (१७४३–१८०५) या धर्मोपदेशकाने १८०२ साली प्रसिद्ध केलेल्या नॅचरल थिऑलॉजी या ग्रंथात घड्याळाचा प्रसिद्ध दृष्टांत दिला. माळरानावर घड्याळ सापडले, तर ते कोणीतरी बनविले असले पाहिजे असे आपण म्हणतो; डोळ्याची रचना तर घड्याळाहून कितीतरी सूक्ष्म आहे. चार्ल्स डार्विन (१८०९–८२) विद्यार्थिदशेत पेलींच्या लेखनाने प्रभावित झाले होते. त्यांनी पेलींचे निरीक्षण नाकारले नाही, त्याचे स्पष्टीकरण बदलले. ओरिजिन ऑफ स्पीशीज (१८५९) या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, एका जातीतील व्यक्तींमध्ये भेद असतात, त्यांतील काही भेद आनुवंशिक असतात आणि परिस्थितीस अनुकूल भेद असलेल्यांची संतती अधिक टिकते; ही क्रिया असंख्य पिढ्या चालू राहिली म्हणजे योजनेचा भास व्हावा अशी रचना योजकावाचून तयार होते.

या संक्रमणाशी मुंबईचाही एक संबंध आहे. वरळी येथील लाव्हाथरांच्या मधल्या गाळाच्या खडकांत लहान बेडकांचे जीवाश्म सापडले होते. लंडन येथील शारीरविज्ञ रिचर्ड ओएन (१८०४–९२) यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन करून राना पुसिला असे नाव दिले. १९३० मध्ये त्यांच्यासाठी इंडोबॅट्रॅकस ही निराळी प्रजाती करण्यात आली. हे बेडूक सु. ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या सांगाड्यांमागे एक आदर्श आराखडा आहे, असे ओएन मानीत आणि डार्विन यांच्या नैसर्गिक निवडीवर त्यांनी १८६० मध्ये कठोर टीका केली. ओएन यांनी ओळखलेले साम्य खरे होते. मात्र डार्विन यांनी त्याच साम्याचा अर्थ ‘समान आराखडा’ असा न करता ‘समान पूर्वज’ असा केला आणि पुढील संशोधनाने तो पक्का ठरविला.

महाराष्ट्रातील प्रतिसाद : महाराष्ट्रात क्रमविकासाच्या कल्पनेला यूरोपातल्यासारखा संघटित धार्मिक विरोध झाला नाही. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांच्या विचारांवर हर्बर्ट स्पेन्सर यांच्या विकासवादी समाजशास्त्राचा ठसा होता व त्याचा उपयोग त्यांनी सामाजिक सुधारणेच्या समर्थनार्थ केला. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) सांख्यांच्या प्रकृतिविचाराची तुलना एर्न्स्ट हेकेल या जर्मन जीववैज्ञानिकाच्या मतांशी केली. उत्क्रांतीचा क्रम त्यांना अमान्य नव्हता, परंतु केवळ जड प्रकृतीने चैतन्याचा उलगडा होत नाही, अशी त्यांची वेदान्ती भूमिका होती. ही तात्त्विक मर्यादा दाखविणारी भूमिका असून जीववैज्ञानिक सिद्धांताला पर्याय देण्याचा तो प्रयत्न नव्हता.

समन्वयाचा दुसरा एक प्रकार अधिक लोकप्रिय झाला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या अवतारांच्या क्रमात क्रमविकासाचे सूचन आहे, असे थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापिका हेलेना ब्लाव्हॅट्‍स्की यांनी १८७७ मध्ये लिहिले. १८७९ ते १८८२ या काळात या संस्थेचे मुख्य ठाणे मुंबईत होते. दशावतारांचे हे साम्य आकर्षक असले, तरी ते वरवरचे आहे. क्रमविकास एकापुढे एक पायऱ्या असलेल्या शिडीप्रमाणे नसून फांद्या फुटणाऱ्या वृक्षाप्रमाणे होतो; कासवापासून वराह झालेला नाही, दोघांचे पूर्वज फार मागे एक होते. शिवाय अवतारकल्पनेचे प्रयोजन धर्मरक्षण हे आहे, जीवजातींची उत्पत्ती सांगणे हे नव्हे. अशा समन्वयामुळे सिद्धांताला विरोध झाला नाही; पण तो नीट समजून घेण्याची निकडही अनेकांना भासली नाही.

अमेरिकेतील वाद : आधुनिक रचनावादाचा जन्म न्यायालयीन लढ्यांतून झाला. क्रमविकास शिकविण्यास बंदी करणारा आर्कॅन्सॉ राज्याचा कायदा १९६८ मध्ये, तर त्याच्या बरोबरीने ‘सृष्टिनिर्मितिविज्ञान’ शिकविण्याची सक्ती करणारा लुइझिॲना राज्याचा कायदा १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर १९८९ मध्ये ऑफ पांडाज अँड पीपल हे शालेय पुस्तक प्रसिद्ध झाले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर येथील शाळामंडळाने २००४ मध्ये विद्यार्थ्यांना या पुस्तकाकडे निर्देश करणारे निवेदन वर्गात वाचून दाखविण्याचे ठरविले, तेव्हा अकरा पालकांनी दावा दाखल केला. या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत जेथे ‘निर्मिती’वाचक शब्द होते, तेथे १९८७ च्या निकालानंतर ‘बुद्धिपुरस्सर रचना’ हे शब्द घालण्यात आल्याचे सुनावणीत उघड झाले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी दिलेल्या १३९ पृष्ठांच्या निकालात रचनावाद हे विज्ञान नसल्याचा निर्णय दिला.

शास्त्रीय परीक्षण : न्यायालयाच्या निकालाने वैज्ञानिक प्रश्न सुटत नाही, म्हणून रचनावाद्यांचे मुख्य म्हणणे स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते. जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये ‘अविघटनीय जटिलता’ ही कल्पना मांडली. ज्या यंत्रणेतील एकही भाग काढला असता ती निकामी होते, ती टप्प्याटप्प्याने निर्माण होऊ शकणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. जंतूंना पोहण्यास मदत करणारी कशाभिका आणि रक्त साखळण्याची क्रिया ही त्यांची ठळक उदाहरणे. परंतु कशाभिकेच्या तळाशी असलेल्या प्रथिनांशी जवळचे साम्य असलेली, तिच्याहून लहान यंत्रणा काही जंतूंत आढळते आणि ती पोहण्याऐवजी यजमान पेशीत प्रथिने सोडण्याचे काम करते. रक्त साखळण्याच्या साखळीतील बारावा घटक डॉल्फिन व देवमासे यांच्यात नसूनही त्यांचे रक्त साखळते. म्हणजे अपुऱ्या भागांची यंत्रणाही उपयुक्त असू शकते आणि एका कामासाठी असलेले भाग दुसऱ्या कामी लागू शकतात. या युक्तिवादाचे मूळ गृहीतकच येथे ढासळते.

नवी मुंबईच्या किनाऱ्यावर दिसणारे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी या दृष्टीने विचार करण्यासारखे आहेत. भरतीच्या वेळी नेरूळ-सीवूड्स परिसरातील पाणथळ जागी विसावणारे आणि ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात चरणारे हे पक्षी डोके उलटे करून, वाकडी चोच पाण्यात धरून अन्न गाळून घेतात. जाड जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते व चोचीच्या कडांवरील बारीक पापुद्रे सूक्ष्म शैवले अडवून धरतात. पेलींना घड्याळाऐवजी हे उदाहरण सहज चालले असते. तथापि या चोचीला इतिहास आहे. आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासातून २००१ मध्ये असे दिसून आले की, रोहितांचे सर्वांत जवळचे नातलग लांब पायांचे बगळे वा करकोचे नसून तळ्यांत बुड्या मारणाऱ्या टिबुकलीच्या कुलातील पक्षी आहेत. पुढे शरीररचनेच्या अभ्यासानेही याला दुजोरा मिळाला. रोहितांचा नामशेष झालेला आप्त पॅलिलोडस याची चोच सरळ होती. रचनावाद यावर ‘योजकाची इच्छा’ एवढेच उत्तर देऊ शकतो आणि हे उत्तर कोणत्याही चोचीला लागू पडते. क्रमविकास मात्र नाते सांगतो, मधल्या अवस्थांची अपेक्षा करतो आणि त्या अपेक्षा चुकीच्या ठरण्याचा धोका पत्करतो.

असे धोके या सिद्धांताने वारंवार पत्करले आहेत. देवमासे खुरांच्या भूचर प्राण्यांपासून आले असावेत, या मताला जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथील खडकांतून बळकटी मिळाली. तेथील इंडोहायस या लहान हरणासारख्या प्राण्याच्या कानाच्या हाडात देवमाशांत आढळणारी जाडी असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ पासून जंतूंच्या बारा वसाहती सतत वाढविल्या. त्यांपैकी एकीत सु. ३१,५०० पिढ्यांनंतर हवेच्या सान्निध्यात सायट्रेटवर वाढण्याची नवी क्षमता उद्‍भवली. क्रमविकासाची गती, नैसर्गिक निवडीखेरीज इतर कारणांचा वाटा, जीवाचा आरंभ यांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण ते संशोधनाने सुटणारे मतभेद आहेत. अनुत्तरित प्रश्न म्हणजे योजकाचा पुरावा नव्हे.

भारतातील अलीकडील घडामोडी : जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन यांचा सिद्धांत वैज्ञानिक दृष्ट्या चुकीचा असून माकडाचा माणूस झाल्याचे कोणी पाहिलेले नाही, असे म्हटले व अभ्यासक्रमात बदल हवा असे सुचविले. देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त निवेदन काढून हे विधान निराधार असल्याचे सांगितले. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी वक्तव्ये टाळण्याची सूचना केली. वस्तुतः माकडाचा माणूस झाला, असे क्रमविकास सांगतच नाही. आजची वानरे व मानव यांचे पूर्वज एक होते, असे तो सांगतो. ‘कोणी पाहिले?’ ही कसोटी लावली, तर भूविज्ञान आणि खगोलशास्त्रही सोडून द्यावे लागेल.

याच वर्षी लागू झालेल्या महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान (भाग २) या पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र क्रमविकासाचा भाग वगळण्यात आला. विद्यार्थ्यांवरील भार कमी करणे हे कारण परिषदेने दिले व हा विषय बारावीत असल्याचे सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी पत्रकाद्वारे यास आक्षेप घेतला. दहावीनंतर जीवविज्ञान घेणारे विद्यार्थी थोडेच असतात. बाकीच्यांची या सिद्धांताशी शाळेत कधीच ओळख होणार नाही, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता.

अमेरिकेत क्रमविकासाच्या शेजारी दुसरे मत बसविण्याचा प्रयत्न झाला. भारतात प्रश्न निर्माण झाला तो मुख्यतः त्याच्या अनुपस्थितीचा. रोगजंतूंमध्ये औषधांविरुद्ध निर्माण होणारा प्रतिकार, पिकांवरील किडींचे बदलते स्वरूप, विषाणूंचे नवे प्रकार या सर्वांचा उलगडा याच सिद्धांताने होतो. म्हणून त्याचे ज्ञान केवळ तज्ञांपुरते ठेवता येत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले आहे. वारूळ आणि घट यांतील फरक ओळखण्यासाठी धर्मकीर्तींनी घातलेली अट त्या दृष्टिकोनाहून वेगळी नाही : साम्यावरून कर्ता कल्पिता येतो, परंतु तो सिद्ध करण्यास पुरावा लागतो.