विद्यार्थ्यांची विचारपूस

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यास शिकावयास येणाऱ्या निर्धन ब्राह्मण विद्यार्थ्याच्या योगक्षेमाची व्यवस्था कोणत्याही सरकारी दप्तरात नमूद नव्हती. ती सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतील गृहिणींच्या ध्यानात असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे वार लावून जेवणारा, किंवा तेवढीही ओळख नसल्यास झोळी घेऊन माधुकरी मागणारा मुलगा हा त्या विद्यानगरीतला नित्याचा रहिवासी होता. वार असूनही मुलगा आला नाही, अथवा येऊन पानातला भात तसाच टाकून उठला, तर ते वाढणाऱ्या बाईच्या नजरेतून सहसा सुटत नसे आणि ‘काय रे, घरून पत्र आलं नाही का?’ एवढा तरी प्रश्न होई. या प्रश्नास समुपदेशनाचे भारदस्त नाव देण्याचे कारण नाही. परंतु परीक्षेच्या धास्तीने खंगत चाललेल्या परगावच्या मुलाकडे आठवड्यातून सात निरनिराळ्या घरांची नजर जात होती, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

तथापि या प्रथेचे गोडवे फार गाऊ नयेत. वाराचा मुलगा म्हणजे आश्रित. त्याने पाणी भरावे, यजमानांच्या मुलांना शिकवावे आणि पानात पडेल ते मुकाट्याने खावे, अशीच सामान्यतः अपेक्षा असे, आणि ज्यांच्या उपकाराचा घास घशाशी अडकतो त्यांच्यापाशीच मन मोकळे करणे मानी मुलाला कसे जमावे? शिवाय हे दार जात पाहून उघडत असे. ज्यांच्यासाठी ते उघडले नाही त्यांची सोय निराळ्या मार्गाने झाली. कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ अन्य समाजांची वसतिगृहे उभी राहिली, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये जे वसतिगृह सुरू केले, ज्याला पुढे १९२७ साली गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव मिळाले, तेथे तर सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत. सुखवस्तू जैन घराण्यातून आलेल्या लक्ष्मीबाई पाटलांनी सोवळ्याओवळ्याचे संस्कार बाजूस सारून या मुलांचे सारे केले आणि कोठीतले धान्य संपले तेव्हा अंगावरचे सोने, अखेरीस मंगळसूत्रसुद्धा, मोडले. चरित्रकार त्या मंगळसूत्रापाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याहून मोठे वाटते ते हे, की आजारी पडलेल्या, घरच्या आठवणीने रडणाऱ्या पोराला जवळ घेणारे माणूस त्याच छपराखाली राहत होते. १९३० मध्ये त्या निवर्तल्या.

पुढे महाविद्यालये वाढली, वसतिगृहे दुमजली-तिमजली झाली, खाणावळींचे ठेके निघू लागले. पैसे मोजून जेवणाऱ्याची मानखंडना थांबली, हा लाभ निर्विवाद. पण त्याबरोबर विचारपूसही थांबली, आणि रेक्टरांच्या हजेरीपटात मुलाची उपस्थिती तेवढी उरली, मुद्रा नव्हे.

त्यात कायद्याची दहशत. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. म्हणून वाचलेल्या मुलाच्या खाटेशी वैद्यापाठोपाठ फौजदार उभा राही, जबानी घेतली जाई, आणि बदनामीच्या भयाने आईबाप व संस्था दोघेही तोंड मिटून बसत. जेथे दुःख सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे होते, तेथे साहाय्य मागणार कोण? मारुती श्रीपती दुबळ या पोलीस शिपायाच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरविले, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची वैधता पुन्हा मान्य केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेतून मुक्त केले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत ते कलम उरले नाही.

मार्गदर्शन म्हणून जे काही आपल्याकडे आले तेही आधी पोटापाण्याचे आले. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्ये आणि सरकारने १९५० मध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाच्या कचेऱ्या काढल्या. कारकुनी पत्करावी की यंत्रविद्या, हे तेथे समजे, झोप का लागत नाही हे विचारण्याची ती जागा नव्हती. ती जागा पुढे ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी निर्माण झाली. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. त्याच आदेशातील दुसरे कलम मला अधिक मोलाचे वाटते: शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी या सर्वांना, संकटाची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण वर्षातून दोनदा द्यावयाचे आहे. त्यात ग्रंथालयातला शिपाई आला, वसतिगृहाचा पहारेकरीही आला. खाणावळीतला वाढपी मात्र बहुधा ठेकेदाराचा चाकर, संस्थेच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, आणि त्याला या वर्गास बोलवावे की नाही हा प्रश्न अद्याप ज्या त्या प्राचार्यांच्या मर्जीवर सोडलेला आहे.