धावेपासून टायरपर्यंत : मरोळची चाके
साष्टी बेटावरील मरोळ हे मूळचे भातशेतीचे गाव असून, तेथील बैलगाडीच्या लाकडी चाकाचे आयुष्य ‘धाव’ या लोखंडी पट्टीवर अवलंबून असे. लोहार ती लालबुंद तापवून चाकावर बसवी आणि लगेच पाणी ओती, म्हणजे थंड होताना ती आक्रसून आरे व पाटे घट्ट आवळून धरी. डनलॉपने 1888 मध्ये हवा भरलेला टायर सायकलसाठी आणला, तरी बैलगाडीला तो मिळायला बराच काळ जावा लागला. 1958 मध्ये जवळच्या भांडुपला सिएट या टायर कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि 1962 मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत पुढे मरोळात आली, तेव्हा चाकाची पारख लोहाराच्या भट्टीकडून टायरच्या बाजूच्या भिंतीवरील अक्षरांकडे सरकली. ट्रेलरच्या, म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेल्या ओढगाडीच्या बाबतीत ही अक्षरे विशेष महत्त्वाची ठरतात, कारण असे वाहन बराच काळ उभे राहते आणि नक्षी शाबूत असतानाच रबर उन्हाने कडक होऊन तडकते. नक्षीवर भाळणारे गिऱ्हाईक फसते ते इथेच. भारांक टायरची वजन पेलण्याची मर्यादा सांगतो, तर 2319 यांसारखे चार आकडे टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाल्याचे सांगतात. धावेवर मात्र तारीख नसे. ती सैल झाली की चाकच खडखडू लागे.