पाच-दहा सेंटांचे दुकान : एका शब्दाचा इतिहास

शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. त्याची कसोटी मात्र व्यवहारात लागते. अमेरिकेतील ‘फाइव्ह-अँड-डाइम’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘फाइव्ह’ म्हणजे पाच सेंट आणि ‘डाइम’ म्हणजे दहा सेंटांचे नाणे. ज्या दुकानात प्रत्येक वस्तू या दोहोंपैकी एका किमतीस मिळावयाची, ते हे दुकान. आपल्या बाजारातील ‘हर एक माल’ या आरोळीचेच ते चार भिंतींतले रूप होय.

या पद्धतीला स्थैर्य आणले फ्रँक वूलवर्थ याने. १८७९ च्या फेब्रुवारीत यूटिका येथे त्याने काढलेले पाच सेंटांचे दुकान चालले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये लँकेस्टर येथे काढलेले चालले. पुढे दहा सेंटांच्या वस्तू आल्या. माल उघडा मांडलेला, किंमत ठरलेली, घासाघीस नाही. नफा थोडा, पण खप अफाट! या चिल्लर नाण्यांवरच १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत उभी राहिली. १९३५ साली किमतीची मर्यादा सुटली. तरी लोकांच्या तोंडचे नाव सुटले नाही. कारण त्या नावात एक आश्वासन होते : ज्याच्या हाती नाणे, तो येथला गिऱ्हाईक.

हे आश्वासन कितपत खरे होते? १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी किरकोळ वस्तू विकत घेतल्या. मग उपाहाराच्या टेबलाशी बसून कॉफी मागितली. ती नाकारण्यात आली. दुकानाच्या एका भागात त्यांचे पैसे चालले, दुसऱ्या भागात ती माणसे चालली नाहीत! ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले आणि हे लोण अनेक शहरांत पसरले. विक्रीत तोटा येऊ लागला, तेव्हा २५ जुलैला तो निर्बंध उठला.

१९९७ साली कंपनीने अमेरिकेतील ही दुकाने बंद केली. ग्रीन्सबरोच्या त्या इमारतीत २०१० पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. आता तेथे ‘डॉलर-स्टोअर’ हा शब्द रूढ आहे. त्यांतील ‘डॉलर ट्री’ने २०२१ साली एक डॉलरचा सव्वा डॉलर केला, नाव मात्र ठेवले. किंमत बदलली म्हणून असा शब्द खोटा ठरत नाही. दारात आलेल्या माणसाला नाकारले, म्हणजे तो खोटा ठरतो.