शॉनी इतिहासाची पुस्तके कुठे शोधावीत
शॉनी : मूळचे अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या खोऱ्यातले मूलनिवासी लोक. एकोणिसाव्या शतकात त्यांना पश्चिमेकडे हुसकावण्यात आले. आज त्यांच्या तिन्ही मान्यताप्राप्त जमातींची मुख्यालये ओक्लाहोमात आहेत. जिज्ञासू वाचकाने अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणातला ‘ई ९९ एस ३५’ हा विभाग पाहावा. पण तिथेच थांबू नये. शॉनींचा नेता टेकम्से याच्याविषयीची बरीच पुस्तके चरित्रांत किंवा अमेरिका-ब्रिटन यांच्यातल्या १८१२ च्या युद्धाच्या इतिहासात मिसळलेली असतात. त्यांत जॉन सग्डेन यांचे टेकम्सेचरित्र भरवशाचे. ॲलन एकर्ट यांची पुस्तके खिळवून ठेवतात, पण त्यांतले पुष्कळ संवाद लेखकाने रचलेले आहेत, म्हणून पुरावा म्हणून ती वापरू नयेत.

माझ्या मते सर्वांत मोलाचे पुस्तक ‘शॉवनीज ट्रॅडिशन्स’. टेकम्सेचा भाऊ, धर्मपुरुष टेन्स्क्वाटावा, आणि वयोवृद्ध मुखिया ब्लॅक हूफ यांनी सांगितलेले कुळाचार, विधी आणि सृष्टीच्या कथा सी. सी. ट्रोब्रिज यांनी १८२० च्या दशकात टिपून घेतल्या. ते टिपण छापून आले थेट १९३९ मध्ये! लिहिणारा सरकारी गोटातला होता, हे ध्यानात ठेवून वाचावे. तरी पराभूतांचे म्हणणे इतक्या जवळून क्वचितच ऐकू येते. विधिपरंपरेसाठी जेम्स हॉवर्ड यांचा १९८१ चा ग्रंथ आहे. आजच्या शॉनींनी स्वतःविषयी लिहिलेले वाचायचे, तर स्टीफन वॉरन यांनी ईस्टर्न शॉनी जमातीच्या सहकार्याने संपादित केलेला २०१७ चा लेखसंग्रह आवर्जून मागवावा. — संपा.