निजामाचे वऱ्हाड आणि स्त्रियांचे मत

वऱ्हाडातील मतदानाचा इतिहास एका विलक्षण कायदेशीर गुंत्यातून सुरू होतो. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या स्वाधीन केला. १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडाने तो कायमचा त्यांच्याकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. कागदोपत्री सार्वभौमत्व मात्र निजामाचेच राहिले. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर अमरावती-अकोल्यात नागपूरच्या कौन्सिलासाठी निवडणूक होई, परंतु निवडून आलेल्या सभासदाची सरकारने पुन्हा रीतसर नेमणूक करावी लागे. १८९७ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरविणाऱ्या अमरावतीच्या वाट्याला हा उपचार यावा, याचे नवल वाटते.

पुरुषांचे मतच असे उसने, तेथे स्त्रियांची काय कथा? ब्रिटिश पार्लमेंटने त्यांचा प्रश्न स्वतः न सोडविता प्रांतिक कौन्सिलांवर सोपविला. मद्रास व मुंबई यांनी १९२१ सालीच स्त्रियांवरील बंदी उठविली. मध्य प्रांतात त्यासाठी १९२७ साल उजाडावे लागले. बंदी उठली तरी मत जमीन, सारा आणि मिळकत यांना बांधलेले होते. कपाशीची निंदणी आणि वेचणी बायांच्या हातची, शेताचे खाते मात्र बहुधा पुरुषाच्या नावचे. मग किती जणींना मत मिळणार?

१९३५ च्या कायद्याने मतदार पुरुषाच्या पत्नीलाही काही अटींवर मत दिले. पत्नीचा हक्क पतीच्या मिळकतीतून यावा, ही तडजोड मला आजही खटकते. पण तिच्यामुळे यादी वाढली, हे नाकारता येत नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या ११२ जागांपैकी तीन स्त्रियांसाठी राखीव होत्या. १९३७ च्या त्या विधानसभेत अकोल्याच्या दुर्गाताई जोशी होत्या, आणि नागपूरच्या अनसूयाबाई काळे उपसभापती झाल्या.

१९५० च्या राज्यघटनेने मिळकतीची अट पुसून टाकली. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या होताना देशभरात अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख नोंदी निवडणूक आयोगाने वगळल्या. अमरावतीने १९८० साली उषाताई चौधरी यांना आणि १९९१ साली प्रतिभाताई पाटील यांना लोकसभेत पाठविले.