चार बोटांचे अंतर

पाटोद्याच्या आमच्या घरी तुळशीवृंदावनाच्या पायाशी लोखंडाच्या चार जाड चकत्या एकावर एक रचून ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीला मध्यभागी एक मोठे भोक आणि त्याच्या सभोवार पाच लहान भोके. दिवाळीत त्यांवर पणती ठेवावयाची असा आमच्या घरचा परिपाठ आहे, आणि नव्या सुनांना हा कुळाचार वाटला तर त्यात त्यांचा दोष नाही. गेल्या दिवाळीत आक्काचा नातू पुण्याहून आला. त्याने त्या चकत्या उचलून उलटसुलट पाहिल्या आणि तो ओरडलाच, "आजोबा, अहो, हे तर व्हील स्पेसर आहेत! हे इथे कुठून आले?"

योगायोग असा, की त्याच्या पिशवीत तसल्याच, पण चकचकीत ॲल्युमिनियमच्या चार चकत्या होत्या. आमच्या गोठ्यातल्या जुन्या जीपला त्या बसवावयाच्या, म्हणजे चाके दोन्ही अंगांना जरा बाहेर येतील आणि गाडी रुंद छातीच्या पैलवानासारखी उभी राहील, असा त्याचा बेत होता. तेव्हा त्याला जे सांगितले तेच आज वाचकांना सांगतो. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे चार चकत्यांची गोष्ट सांगायला निघालो तरी सुरुवात थोडी मागून होणार, हे आधीच कबूल करतो.

बीड जिल्ह्याचा इतिहास म्हणजे पुष्कळसा चाकांचा इतिहास आहे. खुद्द बीड शहरात आगगाडी आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर माणूस, धान्य, कापूस, नवरी, आजारी माणूस, जे काही हलले ते रस्त्यावरून हलले. निजामाच्या राज्यात रेल्वेखात्याने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली, तिचे कौतुक हैदराबादेस फार झाले. परंतु मोटार जाईल अशा मोजक्या सडका सोडल्या तर आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर सगळी वाट बैलगाडीची. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे चार वर्षांनी महाराष्ट्र झाला. राज्ये अशी भराभर बदलली. गाडीवाट मात्र होती तिथेच होती.

ज्यांनी काळ्या रानातली गाडीवाट पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आषाढ-श्रावणात काळी माती लोण्यासारखी मऊ होते. तीवरून लोखंडी धावेची, दोन-तीन बोटे रुंदीची चाके जात राहिली, की माती कापली जाऊन दोन समांतर चर पडतात. हीच चाकोरी. आज आपण 'चाकोरीबाहेरचे जीवन' वगैरे मोठ्या ऐटीत बोलतो. पण आश्विनात ऊन पडून ते चर दगडासारखे वाळले, की चाकोरीबाहेर जाणे म्हणजे काय हे बैलाच्या खांद्याला विचारावे. एक चाक चरात आणि दुसरे उंचवट्यावर चढले तर गाडी कलते, जू एका बैलावर पडते आणि दोन कोसांत त्याचा खांदा सुजतो.

म्हणून आमच्याकडचा सुतार बाकी कशातही पदरची कलाकुसर करील, पण दोन चाकांमधल्या अंतरात नाही. त्यासाठी त्याच्यापाशी एक काठी असे. तुंबा कोरला, आरे बसवले, लोहाराने गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करून चाकावर चढवली, वर पाणी ओतून ती आवळली, की शेवटी आसावर चाके घालून ती काठी आडवी धरून बघावयाची. अंतर थोडे कमी भरले तर तुंब्याच्या आतल्या अंगाला आसावर लोखंडाची नाही तर चामड्याची चकती सरकवीत. म्हणजे आमच्या नातवाने पुण्याहून आणलेली नवलाई आमच्या सुताराच्या पिशवीत आधीच होती म्हणा ना!

आणि ही गोष्ट एकट्या मराठवाड्याची नाही. पाँपेईच्या दगडी रस्त्यांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे चर अजून दिसतात. फोर्डसाहेबांची प्रसिद्ध 'मॉडेल टी' मोटार घ्या. तिच्या दोन चाकांत ५६ इंच अंतर असे. पण अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या घोडागाड्यांची चाकोरी त्याहून रुंद, तेव्हा तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी १९१६ च्या सुमारापर्यंत ६० इंचांची निराळी गाडी कंपनी देत असे. लाखांनी एकसारख्या मोटारी काढण्यासाठी ज्याचे नाव झाले, त्या फोर्डलाही चिखलातल्या दोन चरांपुढे मान वाकवावी लागली. मला ही हकीकत फार आवडते.

आता जीपकडे येऊ. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने एका हलक्या गाडीसाठी १३५ कारखान्यांना विचारणा केली आणि नमुना ४९ दिवसांत हजर करा म्हणून सांगितले. त्यातून बँटम, विलीज आणि फोर्ड असा प्रवास होत युद्धातली जीप तयार झाली. तिच्या चाकांतले अंतर, टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत, ४९ इंच. ४९ दिवस आणि ४९ इंच हा निव्वळ योगायोग आहे. मुलांना सनावळ्या पाठ करून घेण्याची सवय असल्यामुळे मला असे जुळे आकडे दिसतात. सहा लाखांहून अधिक जीप निघाल्या, आणि युद्ध संपताच हिंदुस्थानात उरलेल्या गाड्या 'डिस्पोजल'मध्ये विक्रीस आल्या. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणीही सुरू केली. १९५२ साली समूह विकास योजना आली, तिच्याबरोबर ब्लॉकचे अधिकारी जीपमधून खेड्यात उतरू लागले, आणि 'जीप आली' याचा अर्थ 'सरकार आले' असा झाला.

आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, १९६१ साली हैदराबादेहून अशीच एक डिस्पोजलची विलीज आणली. गावात पहिलीच. पण पहिल्या पावसाळ्यातच तिचे आणि चाकोरीचे जमेना. उजवे चाक चरात घातले की डावे चराच्या काठावर. स्टिअरिंग हातांना हिसडे देई, खालचा गोळा मधल्या उंचवट्याला घासे. आप्पांनी वाटेवर उकिडवे बसून बोटांनी अंतर मोजले आणि निकाल दिला, "चार बोटं कमी पडतात."

चार बोटे म्हणजे तीन इंच. दोन्ही बाजूंना दीड-दीड. आप्पांना सुताराची चकती आठवली. गावच्या लोहाराकडून त्यांनी दीड इंच जाडीच्या चार चकत्या घडवल्या. त्या चाक आणि ड्रम यांच्यामध्ये बसवावयाच्या, तर चाकाचे मूळचे स्टड पुरणार नाहीत, म्हणून तालुक्याबाहेरच्या एका लेथवाल्याकडून लांब स्टड कातून घेतले. पंधरा दिवस जीप चाकोरीतून अशी चालली, की जणू बैलच जुंपले आहेत! आप्पा मिशीला पीळ देत हिंडत होते.

पुढे आली १९६४ ची भाऊबीज. आक्काचे सासर नेकनूरजवळच्या एका खेड्यात. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आप्पांबरोबर तिला आणावयास गेलो. परत येताना मागे आक्का, तिच्या मांडीवर पाच महिन्यांची मुलगी, पायाशी फराळाचा डबा. मांजरसुंब्याच्या सडकेला लागण्याआधीची गाडीवाट, वाळून खडखडीत झालेली. एकाएकी डाव्या पुढल्या अंगाने टक् टक् असा आवाज आला. आप्पा म्हणाले, "दगड असेल." दुसऱ्या क्षणी आमचेच एक चाक आमच्या पुढे चाकोरीतून एकटे धावताना मी पाहिले. जीप डाव्या अंगावर बसली, आक्का पुढच्या बाकावर आदळली, आणि तिने पोरीला असे काही कवटाळले होते की पोरीला खरचटलेसुद्धा नाही. आक्काच्या कपाळावर मात्र जन्माची खूण राहिली. वेग बैलगाडीपेक्षा थोडा अधिक, म्हणून एवढ्यावर निभावले. हेच घाटात झाले असते तर, हे वाक्य आप्पांनी पुढे कधी पुरे केले नाही.

त्या पाच महिन्यांच्या मुलीचा मुलगा म्हणजेच हा पुण्याचा नातू. त्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "पण चाक निघालं कशानं?" प्रश्न उत्तम होता, आणि याचे उत्तर मलाही पुष्कळ वर्षांनी उमगले आहे.

आपल्याला वाटते, चाक स्टडांवर टांगलेले असते. तसे नाही. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो, आणि त्या ताणाने चाक ड्रमवर इतके घट्ट दाबले जाते की दोहोंमधल्या घर्षणावरच सारा भार पेलला जातो. दाब सैल झाला, की मग प्रत्येक फेऱ्यात स्टड इकडून तिकडे वाकू लागतो आणि तारेसारखा तुटतो. आमच्या चकत्या हातोड्याने घडवलेल्या. त्यांच्या दोन्ही बाजू सपाट कशा असणार? वर आप्पांनी हौसेने त्यांना रंग दिला होता. रंग दबला, तेवढा नट सैल झाला. स्टडचे लोखंड मऊ. ते ताणले ते ताणलेलेच राहिले. शिवाय लांबी अपुरी. अर्ध्या इंचाच्या स्टडवर नट निदान अर्धा इंच तरी चढला पाहिजे. त्या विलीजच्या स्टडला इंचाला २० आटे, म्हणजे दहा फेरे. आमचे नट पाच-सहा फेऱ्यांतच संपत.

आणखी एक गंमत. त्या काळच्या विलीजला डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. चाक फिरता फिरता नट सुटू नये ही त्यातली योजना. लेथवाल्याने सगळे स्टड सुलट्या आट्यांचे दिले, आणि चाक निसटले तेही डावेच. कित्येक वर्षे आप्पा सारा दोष त्या उलट्या आट्यांवर घालीत. आजच्या मोटारींना दोन्हीकडे सुलटेच आटे असतात आणि त्यांची चाके जागच्या जागी राहतात, हे मी एकदा बोलून गेलो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

चकत्या त्याच दिवाळीत निघाल्या आणि तुळशीपाशी गेल्या. पण खरोखर त्यांची गरज संपवली ती १९७२ च्या दुष्काळाने. महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात ५० लाखांच्या आसपास माणसे होती, आणि त्यात आमचा जिल्हा अग्रभागी. गाडीवाटांवर मुरूम पडला, खडी पडली. ती खडी फोडणाऱ्यांत पाटाच्या बायका होत्या, नऊवारीचा पदर डोक्याला बांधलेल्या. त्यांच्या हाताचे घट्टे मी पाहिले आहेत. त्या रस्त्यांवर बैलगाडी, बस, जीप, कोणाच्याही चाकांत कितीही अंतर असो, सारखेच चालू लागले. शेकडो वर्षे सुताराच्या काठीवर हुकूम चालवणारी चाकोरी भुकेल्या माणसांनी हातोड्याने बुजवली. पुढे ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या लोकांच्या बैलगाड्यांना रबरी टायर आले, आणि चर पाडणारी धावही गेली.

नातवाचे म्हणणे असे, की आता चकत्या यंत्रावर कातलेल्या असतात, स्टड पोलादी असतात, आप्पांच्या चुका त्यात नाहीत. हे बरोबर आहे. चाक बाहेर गेले म्हणजे बेअरिंगवर तरफेसारखा भार वाढतो आणि स्टिअरिंग जड होते, हे तोही नाकारीत नव्हता. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना जुनी वारसागाडी म्हणून नोंदवण्याचा नियम २०२१ साली झाला आहे, त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. आणि कारखान्याने दिलेल्या ठेवणीत मनचे बदल करू नयेत, असे १९८८ च्या मोटार कायद्याचे कलम ५२ सांगतेच. तो ऐकत होता, पण त्याची नजर पणतीखालच्या चकत्यांवर होती. "आप्पांना निदान कारण तरी होतं," एवढेच तो म्हणाला, आणि त्याने आपली पेटी पिशवीत परत टाकली.

मग त्याने मोजपट्टी काढली. जीपच्या चाकांत ४९ इंच बरोबर भरले. गोठ्याच्या मागे आमची जुनी, धावेची बैलगाडी एका चाकावर कललेली पडून आहे. तिच्याही चाकांमधले अंतर आम्ही दोघांनी वाकून, कोळिष्टके झाडून मोजले. साडेबावन्न इंच. आप्पांचा हिशेब अर्ध्या इंचाने चुकला होता.